सल्ला: मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, आता अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला जाऊ का?

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय):

"ताई नमस्कार. मी मूळची सांगलीची, वय २७. दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, फर्स्ट क्लास होता. डायरेक्ट सेकंड इयरला नंबर लागत होता पण तेव्हा घरी शक्य नव्हतं म्हणून कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला लागले, तीन वर्षं केलं, काम आवडायचं मला. मग लग्न झालं, मिस्टर आयटीत आहेत, आता दोन वर्षं झाली आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आहोत, मी एच-फोर वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावरचा बायकोचा व्हिसा). मला इंजिनिअरिंग पूर्ण करायचंय आणि मेकॅनिकलच करायचंय. घराजवळ ओलोनी कॉलेज आहे, कम्युनिटी कॉलेज. पण सासूबाई फोनवर म्हणतात आता परत पहिल्यापासून कशाला, करायचं तर सरळ एमएस कर, लोकांना सांगता तरी येईल. भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर, सहा महिन्यांत होतो. हे नाही म्हणत नाहीत पण एवढी वर्षं घालवून हातात काय येणार असं विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. मॅथ्स सुटून खूप वर्षं झाली. इंग्लिश बोलताना अडखळते. अठरा वर्षांच्या मुलांमध्ये बसायची लाज वाटते. काय करू?"

प्रिय सांगलीकर,

कर. जा त्या कॉलेजला. उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील, कारण पुढे बऱ्याच अडचणी पण सांगणार आहे आणि त्या वाचून तुला वाटायला नको की ताई नको म्हणतेय. मी हो म्हणतेय. फक्त डोळे उघडे ठेवून जा, आणि पहिल्या दिवशी क्लासमध्ये बसायच्या आधी शेवटच्या दिवसापासून उलटा हिशोब करून जा, तो कसा ते खाली लिहिते.

आधी सासूबाईंचं घेऊ कारण घरात रोज तेच ऐकावं लागत असणार. एमएस तुला आत्ता करता येत नाही, त्यासाठी बॅचलर्स लागते आणि आपला तीन वर्षांचा डिप्लोमा ही बॅचलर्स नाही, तेव्हा हा पर्यायच नाहीये, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नकोस. आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय हे त्यांना सांगायचं तर डायरेक्ट सेकंड इयरचं उदाहरण दे, ते सांगलीत प्रत्येक घरात माहितीये. आपल्याकडे डिप्लोमा करून बीईच्या दुसऱ्या वर्षाला बसतात, इथे कम्युनिटी कॉलेजात पहिल्या दोन वर्षांचे विषय करून युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला बसतात. डिग्रीच्या कागदावर नाव युनिव्हर्सिटीचं. ही काही मागच्या दाराची सोय नाही, कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला त्यातच हे बसवलेलं आहे की कम्युनिटी कॉलेजात कोणीही यावं आणि तिथून अभ्यास करून युनिव्हर्सिटीत जावं. राज्यात अशी ११६ कॉलेजेस आहेत. बर्कलीसारख्या नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत जी ट्रान्सफरची पोरं येतात त्यातली बहुतेक याच कॉलेजांतून आलेली असतात, आणि ॲडमिशनला यांना बाहेरच्या ट्रान्सफरवाल्यांपेक्षा आधी बघतात.

आणि प्रवेशाला कुठलीही परीक्षा नाही, कटऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही. अठरा पूर्ण असले की झालं. म्हणजे "मला घेतील का" हा प्रश्नच काढून टाक डोक्यातून.

आता टेस्टिंगच्या कोर्सचं. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी जरूर करावा, मैत्रिणी चांगल्या मनानेच सांगतायत. पण तू पत्रात एकच गोष्ट अशी लिहिलीयस जी कोणी विचारली नव्हती, "काम आवडायचं मला". तीन वर्षं हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन पार्ट तपासणारी, गो-नोगो गेज लावून लॉट रिजेक्ट करणारी, ऑपरेटरशी भांडून परत सेटिंग करून घेणारी बाई तू. ते सगळं सोडून जे आवडत नाही त्यात सहा महिने घालायचे, आणि त्यानंतर नोकरी करायला परमिट आहे की नाही हा प्रश्न तसाच उभा राहणार, कारण एच-फोरवर वर्क परमिट नसेल तर टेस्टिंगची नोकरीसुद्धा करता येत नाही. हे मैत्रिणींनी सांगितलं का? शिकायला मात्र एच-फोरवर कुठलीही आडकाठी नाही, फुल टाइम करा पार्ट टाइम करा, वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही.

पैसे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे कोर्सच्या एका क्रेडिटला, ४६ डॉलर फी आहे. ६० युनिट धरले तर २,७६० डॉलर, इंजिनिअरिंगवाल्यांचे युनिट जास्त होतात, ७०-८० सहज जातात, वर पुस्तकं, पार्किंग, बारीकसारीक फिया. तरी दोन-तीन वर्षांचा सगळा खर्च युनिव्हर्सिटीच्या एका वर्षापेक्षा कमी. पण हा दर रहिवाशाचा. बाहेरच्यांना युनिटमागे कितीतरी जास्त लावतात. एच-फोरवाल्यांना इथे रहिवासी धरतात, फक्त टर्म सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहिल्याचं आणि इथेच राहायचा इरादा असल्याचं दाखवावं लागतं. तुला दोन वर्षं झालीयत, म्हणजे मुदत पार झाली, आता कागद गोळा कर. घराच्या लीजवर तुझं नाव आहे का? नसेल तर पुढच्या रिन्युअलला घाल. लायसन्स काढलंस का? एच-फोरवर मिळतं. जॉइंट टॅक्स रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, हे सगळं एका फाइलमध्ये ठेव. ॲडमिशन ऑफिसने पहिल्या झटक्यात नॉन-रेसिडेंट लावलं तर घाबरून फी भरून मोकळी होऊ नकोस, रेसिडेन्सीचा फॉर्म माग, कागद दे, दर बदलून मिळतो. सरकारी मदत, म्हणजे फाफसा वगैरे, ती मात्र एच-फोरवर नाही, त्याची आशा धरू नकोस.

आता मुख्य गोष्ट, उलटा हिशोब.

मेकॅनिकलला ट्रान्सफर व्हायचं तर युनिव्हर्सिटी बघते की तू तिसऱ्या वर्षाला बसायच्या लायकीचे विषय करून आलीयस का. साधारण काय काय लागतं बघ, तीन सेमिस्टरचं कॅल्क्युलस, मग डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलसवालं फिजिक्स तीन भागांत, जनरल केमिस्ट्री लॅबसकट, एक प्रोग्रामिंग, स्टॅटिक्स, मटेरियल्स, सर्किट्स, आणि ड्रॉइंग-कॅड. इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन कोर्स. आता यातला पेच कळून घे, हे विषय एकमेकांच्या शेपटीला बांधलेले आहेत. कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय किंवा सोबत असल्याशिवाय फिजिक्सचा पहिला भाग नाही, तो झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, कॅल्क्युलस दोन शिवाय तीन नाही, आणि तीनच्या मागे डिफरन्शियल इक्वेशन्स. म्हणजे फुल टाइम धडाधड केलं तरी चार सेमिस्टर लागतातच, एका सेमिस्टरला गणित सोडलं की अख्खी माळ सहा महिने मागे. वर अजून एक, छोट्या कॉलेजांमध्ये स्टॅटिक्स, मटेरियल्स, सर्किट्ससारखे विषय दर सेमिस्टरला लागतीलच असं नाही, कधी कधी वर्षातून एकदाच लागतात, आणि पोरं कमी आली तर क्लास रद्द पण होतो. तेव्हा पहिल्याच आठवड्यात इंजिनिअरिंगच्या प्रोफेसरांना जाऊन विचार की कोणता विषय कधी लागतो, आणि तो कागद फ्रिजवर लाव. ओलोनीत एखादा विषय नाही जमला तर हेवर्डचं शाबो आहे, तिथे तेवढा एक कोर्स करता येतो, आपल्याकडे असतं तसं एकाच कॉलेजला बांधलेलं नसतं कोणी. फक्त कुपर्टिनोचं डी आन्झा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही दोन क्वार्टर सिस्टिमवर चालतात, तीन महिन्यांच्या टर्म, तिथलं कॅल्क्युलस वेगळ्या तुकड्यांत कापलेलं असतं, तेव्हा गणिताची माळ अर्धी इथे अर्धी तिथे करू नकोस, हाल होतात.

कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या युनिव्हर्सिटीत धरतात हे बघायला असिस्ट डॉट ऑर्ग म्हणून राज्याची साइट आहे. तिथे ओलोनी टाक, मग सॅन होजे स्टेट टाक, मग मेकॅनिकल निवड, पूर्ण तक्ता येतो समोरासमोर. मग बर्कलीचा काढ. दोन्ही प्रिंट कर आणि जे दोन्हीकडे लागतं ते आधी, जे एकीकडेच लागतं ते नंतर. कौन्सिलरची अपॉइंटमेंट घे पण जाताना हे प्रिंट घेऊन जा, कारण कौन्सिलर सगळ्या शाखांच्या पोरांना बघतात, बऱ्याचदा ते आधी जनरल एज्युकेशनचे विषय उरकायला सांगतात, इतिहास, कला, मानसशास्त्र वगैरे, आता त्याला कॅल-जेटसी म्हणतात. बाकीच्या शाखांना ते ठीक आहे. इंजिनिअरिंगवाल्याने मात्र मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, विषय आधी धरायचे आणि ते विषय मधल्या फटींत बसवायचे. हे मी ठामपणे सांगते, कारण तीन वर्षं कॉलेजात काढून इतिहास-कला सगळं झालेलं आणि फिजिक्सचा दुसरा भाग अजून बाकी अशी पोरं मी बघितलीयत आणि त्यांचं एक वर्ष नुसतं वाया जातं.

सॅन होजे स्टेट आणि बर्कली ही दोन नावं मुद्दाम घेतली. तू फ्रीमाँटला आहेस, नवऱ्याची नोकरी इथेच, तेव्हा घर सोडून डेव्हिसला नाहीतर मर्सेडला जाणं तुझ्यासाठी अवघड, बरोबर? फ्रीमाँटवरून बार्टने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, न बदलता डाउनटाउन बर्कलीला उतरता येतं, आणि उलट्या दिशेने बेरिएसापर्यंत बार्ट आणि पुढे बस केली की सॅन होजे स्टेट. दोन्ही मेकॅनिकल प्रोग्रॅम ॲबेट मान्यतेचे आहेत (ॲबेट म्हणजे इंजिनिअरिंगच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था), हे तुझ्या यादीत पहिलं बघायचं, पुढे कधी पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या, लायसन्सच्या वाटेला जायचं ठरलं तर फार उपयोगी पडतं. बर्कलीला स्पर्धा भयंकर आहे, ग्रेड जवळजवळ सगळे ए लागतात, अर्ज कर पण त्याच्यावर घर बांधू नकोस. सॅन होजे स्टेट ही तुझी खरी जागा आहे असं मला वाटतं, आणि ती काही कमी प्रतीची जागा नाही, या सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांमध्ये तिथले मेकॅनिकलचे इंजिनिअर भरलेले आहेत. टॅग नावाची एक सोय तू ऐकशील, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे (युसी) सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी देतात, त्यात बर्कली, लॉस एंजलिस, सॅन डिएगो नाहीत, आणि सांताक्रूझला मेकॅनिकलच नाही, शिवाय इंजिनिअरिंगला अटी कडक किंवा सोयच नाही असंही असतं. तुझ्यासारख्या घर असलेल्या बाईला याचा उपयोग थोडा. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचे असतात, पुढच्या वर्षीच्या फॉलच्या (ऑगस्ट-सप्टेंबरच्या) टर्मसाठी, म्हणजे शेवटचे विषय चालू असतानाच.

मॅथ्सची भीती. ही खरी आहे आणि मी तिला फुंकर घालून उडवणार नाही. आपल्या डिप्लोमात तू डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन केलंयस पण कसं केलंयस आठव, फॉर्म्युला पाठ, मागच्या पेपरातले नमुने, चाळीस मार्क आले की सुटलो. इथे ग्राफ काढून लिमिट समजावून सांग म्हणतात, एखादं गणित शब्दांत येतं, टाकीतून पाणी गळतंय तर पातळी किती वेगाने उतरतेय, आणि तिथे फॉर्म्युला कुठला लावायचा हेच शोधायचं असतं. आता इथे नवीन कायद्यामुळे सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांना बहुतेक थेट कॅल्क्युलसला बसवतात, आधीची दोन-तीन वर्षांची पायरी-पायरी गेली, सोबत सपोर्टचा जोड क्लास असतो तो घे, लाजू नकोस. आणि क्लास सुरू व्हायच्या आधी दोन-तीन महिने घरी अल्जेब्रा आणि ट्रिग्नोमेट्री घासून काढ. कॅल्क्युलसमध्ये पोरं नापास होतात ती बहुतेक कॅल्क्युलसमुळे नाही होत, अपूर्णांक, घातांक, साइन-कॉसच्या ओळखी यातच गाडी अडकते. क्लास सुरू झाल्यावर पहिल्या परीक्षेतच दिसलं की जमत नाहीये तर ड्रॉपची तारीख बघून ठेव, सुरुवातीच्या मुदतीत सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर काही येत नाही, नंतर सोडलं तर डब्ल्यू, म्हणजे मधेच सोडल्याचा शेरा, येतो, आणि डी-एफ लागला तर तो चिकटतो. ट्युटरिंग सेंटर असतं, फुकट. प्रोफेसरांचे ऑफिस अवर्स असतात, तिथे जाऊन बसायचं असतं, आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलं असं वाटायचं, इथे न जाणारा मूर्ख ठरतो. वर्ग लहान असतात, प्रोफेसर नावाने ओळखतात, हा कम्युनिटी कॉलेजचा सगळ्यात मोठा फायदा आहे माझ्या मते, फीपेक्षाही मोठा. युनिव्हर्सिटीत तेच कॅल्क्युलस तीनशे पोरांच्या हॉलमध्ये असतं.

आता तुझी जमेची बाजू सांगते, तुला ती दिसत नाहीये. स्टॅटिक्सच्या पहिल्या आठवड्यात फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची बलं बाणांनी दाखवणारं चित्र, येईल आणि तुझ्या शेजारचा अठरा वर्षांचा मुलगा रिॲक्शनचा बाण कुठे काढायचा यावर अडेल. तू लामीचं थिअरम, ट्रस, फ्रिक्शन सगळं एकदा केलंयस. मटेरियल्समध्ये हार्डनेस टेस्ट येईल, तू रॉकवेलचं मशीन हाताने चालवलं असशील. ड्रॉइंग तर तुझं हक्काचं. पण तिथे एक गंमत आहे, नीट लक्ष दे. आपण शिकलो फर्स्ट अँगल, म्हणजे एलेव्हेशन वर आणि प्लॅन त्याच्या खाली, उजवीकडून बघितलेला व्ह्यू डावीकडे. अमेरिकेत सगळं थर्ड अँगल. प्लॅन वर जातो, उजवा व्ह्यू उजवीकडेच राहतो. ऐकायला सोपं वाटतं पण तुझा हात आणि डोळा फर्स्ट अँगलला बसलाय, घाईत ड्रॉइंग वाचताना स्लॉट चुकीच्या बाजूला दिसणार आणि पार्ट उलटा होणार. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉकजवळ तो कापलेल्या शंकूचा छोटा सिम्बॉल असतो ना, तो आधी बघायची सवय लाव, प्रत्येक वेळी.

तसंच मापांचं. कुपवाडला तू मिलिमीटर आणि मायक्रॉनमध्ये बोलायचीस, इथे शॉपमध्ये इंच आणि थाउ. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. ड्रॉइंगवर प्लस-मायनस ०.००५ लिहिलं असेल तर ते इंच आहेत, म्हणजे सव्वाशे मायक्रॉनच्या थोडं वर, तू ते मिलिमीटर समजून पाच मायक्रॉन धरलंस तर चांगला लॉट रिजेक्ट करून बसशील. आटे पाडायचे तर आपल्याकडे एम-सिक्सला पाचचं ड्रिल हे झोपेत सांगता येतं, इथे पाव इंच-वीस आट्यांना सात नंबरचं ड्रिल, आणि सात नंबर म्हणजे सात मिमी नाही. दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. पण हे सगळं ज्याने कधी टॅप मोडलेला बघितलाच नाही त्याला शिकवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दहाव्या हिश्शात तुला येईल. सॉलिडवर्क्स येत नसेल तर पहिल्याच सेमिस्टरला कॅडचा कोर्स घे, गणिताच्या जोडीला एक असा विषय हवा ज्यात तू वर्गात पहिली असशील, त्याने धीर येतो.

लाजेचं म्हणशील तर वर्गात जाऊन बघ. संध्याकाळच्या वर्गांत दिवसभर नोकरी करून आलेले लोक असतात, सैन्यातून बाहेर पडलेले असतात, दोन पोरांची आई असते, फॅक्टरीत टेक्निशियन असलेला चाळिशीचा माणूस असतो. तुझ्याकडे वळून बघायला कोणाला वेळ नाही. इंग्लिश बोलताना अडखळणं हे लॅब पार्टनर मिळाला की आपोआप सुटतं कारण रीडिंग घेताना बोलावंच लागतं. लिहायचं इंग्लिश मात्र मनावर घे, कॉम्पोझिशनच्या कोर्सला निबंध म्हणजे आपल्या शाळेतला निबंध नाही, मत मांडून पुरावा द्यायचा असतो, त्यासाठी रायटिंग सेंटरमध्ये जा.

आता तुझ्या मिस्टरांचा प्रश्न. हातात काय येणार. हा प्रश्न वाईट नाहीये, त्याला नीट उत्तर दे. काळ साधारण पाच वर्षं, कम्युनिटी कॉलेज अडीच-तीन आणि युनिव्हर्सिटी दोन-अडीच. हातात मेकॅनिकलची बीएस. नोकऱ्या याच भागात आहेत, फ्रीमाँटमध्येच टेस्ला आहे, लॅम रिसर्च आहे, सांता क्लाराला अप्लाइड मटेरियल्स, सनीव्हेलला सर्जरीचे रोबो करणारी इंट्युइटिव्ह. चिप बनवायच्या मशिनी, मेडिकल उपकरणं, या लोकांना ड्रॉइंग वाचणारा आणि शॉपची भाषा कळणारा इंजिनिअर हवाच असतो.

पण परमिटचं खरं खरं सांगते. एच-फोरवर नोकरी करायची तर ईएडी, म्हणजे वर्क परमिट, लागतं, आणि ते मिस्टरांची आय-१४०, म्हणजे कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर असेल तर, किंवा त्यांची एच-वनची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, सहा वर्षं संपून पुढे एक्स्टेन्शन चालू असेल तर मिळतं. तेव्हा आज रात्री त्यांना पहिला प्रश्न हा विचार की तुमची आय-१४० कुठे आहे, कंपनीने फाइल केलीय का. ते "हातात काय येणार" विचारतायत त्याचं अर्धं उत्तर त्यांच्याच कंपनीच्या एचआरकडे आहे. ईएडी नसेल तर शिकताना इंटर्नशिप पगारी करता येणार नाही, आणि बिनपगारी म्हणून कंपनीत जाऊन काम करणं पण धोक्याचं, वकिलाला विचारल्याशिवाय नको. दुसरा रस्ता म्हणजे युनिव्हर्सिटीत गेल्यावर एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसा, घेणं, त्यात डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीवर, एक वर्ष आणि मेकॅनिकल स्टेममध्ये (सायन्स-टेक्नॉलॉजी-इंजिनिअरिंग-मॅथ्स) येतं म्हणून अजून दोन वर्षं काम करता येतं. पण एफ-वन झालीस की रहिवाशाची फी जाते, बाहेरच्यांची लागते, तो फरक फार मोठा असतो, आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर एफ-वन मिळण्यातच गुंता होऊ शकतो. काही जणी म्हणून शेवटपर्यंत एच-फोरवर स्वस्तात शिकतात आणि अगदी शेवटी काय करायचं ते ठरवतात. तुझ्या बाबतीत काय बरं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा पैसे देऊन तासभर बसा दोघं, पण तो तास कॉलेजच्या तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत पुढे ढकललात तरी चालेल, पहिलं कॅल्क्युलस त्याच्यासाठी अडत नाही. आणि हेही धरून चल की विमानं, रॉकेट, संरक्षण या कंपन्या बऱ्याचदा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालेच घेतात, तिथले निर्यातीचे नियमच तसे आहेत, तुझ्या गुणांशी त्याचा संबंध नाही, त्या जाहिरातींवर वेळ घालवू नकोस.

समज ईएडी आधीच हातात आलं किंवा लवकर आलं, तर अजून एक करता येईल. शाबोला आणि ओकलंडच्या लेनीला मशीनिंगचे कोर्स आहेत, सीएनसी वगैरे. कुपवाडचा अनुभव आणि त्यावर इथलं सर्टिफिकेट, इन्स्पेक्शनच्या नोकरीला अर्ज करायला एवढं पुरतं, मग नोकरी करत संध्याकाळी गणिताची माळ चालू ठेव. वेळ जास्त लागेल, पाचाची सात वर्षं होतील, पण घरात पगार येईल आणि तुझा हात चालू राहील. काहींना हेच मानवतं. मला विचारशील तर परमिट असेल तर मी हा रस्ता आधी बघेन, कारण शॉपपासून पाच वर्षं लांब राहिलेलं तुला सोसणार नाही असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

सासूबाईंना समजावत बसू नकोस, पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड आले की मिस्टरांनाच फोनवर सांगू दे. आणि मिस्टरांकडून एक गोष्ट आत्ताच ठरवून घे, आठवड्यातले कोणते दिवस स्वयंपाक त्यांचा. कॅल्क्युलस आणि फिजिक्स एका सेमिस्टरला असताना दोन्ही वेळचं तुझ्यावर असेल तर नाही जमणार, हे मी खूप घरांत बघितलंय, बाई हुशार असते, क्लासही जमत असतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सणवार, पाहुणे, डबे यात होमवर्क मागे पडतो आणि ती स्वतःलाच ढ समजून सोडून देते.

एक शेवटचं काम, याला वेळ लागतो म्हणून आजच सुरू कर. तुझ्या डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आणि ट्रान्स्क्रिप्ट लागतील. युनिव्हर्सिटीच्या अर्जात आधी शिकलेलं सगळं लिहावं लागतं, डिप्लोमा लपवायचा नाही, नंतर कळलं तर प्रवेश जातो. इथे ते एखाद्या मान्यताप्राप्त इव्हॅल्युएशन एजन्सीकडून तपासून घ्यावं लागतं, त्यातून एखादा-दुसरा विषय सुटला तर बरं, पण गणित-फिजिक्स सुटेल असं धरू नकोस, ते इथेच करावं लागेल आणि करावंसच. सांगलीत भाऊ किंवा वडील असतील तर त्यांना आधी तुझ्या पॉलिटेक्निकच्या ऑफिसात पाठव, तिथे अर्ज करून मग एमएसबीटीईकडून, म्हणजे डिप्लोमाच्या बोर्डाकडून, काय लागतं ते विचारायला सांग, सीलबंद पाकीट मागायला सांग, दोन सेट घे. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत झालं पाहिजे, नाहीतर ऑफिस बंद आणि इकडे स्प्रिंगचं रजिस्ट्रेशन सुरू झालेलं असेल.

तुझी,
ताई